पेटी दाराबाहेर, आवाज आत : जिल्ह्याच्या रेडिओवरच्या निवेदक-वादकांची पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी येते. आकाशवाणीवरचे अमुक जुने निवेदक आणि हार्मोनियमवादक गेले, अंत्यसंस्कार झाले, मागे मुलं-नातवंडं असा परिवार आहे. साठच्या-सत्तरच्या दशकांत माइकसमोर आलेली पिढी आता ओसरू लागली आहे, त्यामुळे अशा बातम्या वाढल्या आहेत. मग दोन-तीन दिवस लोक आठवणी सांगतात. आवाज कसा खर्जातला होता, सकाळच्या बातम्यांवर घड्याळ कसं लावलं जायचं, एकादशीच्या भजनाला पेटीवर कोण बसायचं.

या आठवणींत एक गोष्ट सहसा येत नाही. निवेदन आणि वादन ही दोन कामं बातमीत शेजारी शेजारी असतात, आकाशवाणीच्या दप्तरात ती कधीच शेजारी नव्हती. निवेदनाचा करार वेगळा, वादनाची श्रेणी वेगळी, दोन्हींची चाचणी वेगळी. आणि वाद्य पेटी असेल, तर १९४० ते १९७१ एवढा काळ ते स्टुडिओत वाजवायलाच मनाई होती. गाव ज्यांना रेडिओवरचे पेटीमास्तर म्हणून ओळखायचं, ते रेडिओवर पेटी वाजवतच नव्हते. ही विसंगती कुठून आली, ती कशी टिकली आणि तिच्या जागी पुढे काय आलं, हे माहीत असलं की त्या चार ओळींच्या बातमीचा अर्थ थोडा वेगळा लागतो.

गावापर्यंत येईपर्यंत

मुंबईत जुलै १९२७ मध्ये खासगी कंपनीचं केंद्र सुरू झालं, तीन वर्षांच्या आत ती कंपनी बुडाली, सरकारने कारभार ताब्यात घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. हे सगळं महानगरातलं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली, त्यांतलं मराठी मुलखातलं एकच. निजामाच्या राज्यातलं औरंगाबादचं केंद्र पुढे आकाशवाणीत आलं, मग बंदही झालं आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झालं. नागपूर १९४८, पुणे १९५३. त्यानंतर सांगलीला दहा वर्षं थांबावं लागलं. तिथलं केंद्र १९६३ चं. जळगाव १९७६, रत्नागिरी १९७७. म्हणजे लहान शहरातल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात राहून रेडिओवर काम करता येण्याची शक्यता स्वातंत्र्यानंतर दीड-दोन दशकांनी निर्माण झाली, आणि तीही मोजक्या ठिकाणी.

रेडिओ त्याआधी गावात पोचला होता, पण ऐकण्यापुरता. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला, त्याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसएक माणसांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं, आणि काय ठरलं, काय समजलं नाही ते केंद्राला कळवायचं. असे वीस कार्यक्रम झाले. १९५९ पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली. पुढे सांगली-जळगावच्या निवेदकांना श्रोत्यांची जी पत्रं पोत्याने येत, त्या सवयीचं एक मूळ या मंडळांत आहे. आपण पत्र पाठवलं की रेडिओ उत्तर देतो, हा भरवसा इथे तयार झाला.

याच सुमारास दिल्लीत दुसरं काहीतरी चाललं होतं. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खातं सांभाळणारे मंत्री मराठी होते आणि स्वतः गाणं शिकलेले होते. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच अमदानीत, आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून हद्दपार झाली तीही. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली, ती या माघारीची कबुली होती. तिच्यावर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. हा इतिहास बराच लिहिला गेला आहे. पेटीचा मात्र तळटिपेत राहतो, आणि माझ्या मते तो तळटिपेचा विषय नाही.

पेटीचं काय झालं

हार्मोनियम युरोपातून आला. पॅरिसच्या एका कारागिराने १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, मिशनरी आणि साहेबांबरोबर तो इथे पोचला. मूळ वाद्याचा भाता पायाने चालवायचा. भारतीय माणूस गायला-वाजवायला जमिनीवर बसतो, म्हणून कोलकात्याच्या एका वाद्यनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी बनवली आणि ती देशभर गेली. महाराष्ट्रात तिचं बस्तान बसलं ते नाटकामुळे. १८८० नंतर संगीत नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. सारंगीची जागा हळूहळू ऑर्गन आणि पेटीने घेतली. नाटकाकडून ती कीर्तनात, भजनी मंडळात, संगीत बारीत, शाळेच्या प्रार्थनेत गेली. १९३० पर्यंत अशी अवस्था होती की तालुक्याच्या गावी गाणं शिकायचं म्हणजे पेटीवर शिकायचं. तंबोरा फक्त श्रीमंताच्या किंवा खऱ्या गवयाच्या घरी.

आक्षेप तेव्हाही होते. पेटीतले बारा सूर कारखान्यातच पक्के होऊन येतात. त्यांच्यातलं अंतर सारखं केलेलं असतं. आपल्या रागांना लागणारे बारीक चढे-उतरते सूर त्यात बसत नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणजे मींड नाही, आंदोलन (सुराचं संथ हेलकावणं) नाही. आवाज मोठा, त्यामुळे गाणाऱ्याची उणीव झाकली जाते आणि नंतर गाणारा तिच्यावर रेलायलाच लागतो. यातलं काहीही खोटं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरने आणि एका इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याने मिळून बावीस श्रुतींची, म्हणजे बारीक स्वरांतरांची, पेटी तयार करवून घेतली होती. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचं प्रात्यक्षिकही झालं. जमलेल्या गवयांना ती पटली नाही. पेटी सुधारून घ्यायची की टाकून द्यायची हा वाद म्हणजे रेडिओच्या आधीपासूनचा.

रेडिओने तो वाद हुकुमाने मिटवला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताची जबाबदारी असलेल्या एका इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध खरपूस लेख लिहिला होता. बंदी यायच्या आधीच ते वारले. जानेवारी १९४० मध्ये शांतिनिकेतनहून रवींद्रनाथ टागोरांचं पत्र आलं. आश्रमात आपण या वाद्याला मज्जाव केला आहे, रेडिओनेही तो केला तर हिंदुस्थानी संगीताची मोठी सेवा होईल, असा त्याचा आशय. बीबीसीतून आलेले तेव्हाचे नियंत्रक मुळात अनुकूल होतेच. १ मार्च १९४० पासून सर्व केंद्रांवर पेटी बंद झाली. इंग्रज अधिकाऱ्यांना ती भारतीय संगीताला परकी वाटत होती आणि राष्ट्रीय वृत्तीच्या भारतीयांना ती इंग्रजांची वाटत होती. दोघांचं एकमत झालं असा हा दुर्मीळ विषय. स्वातंत्र्यानंतरही निर्णय फिरला नाही.

या बंदीचं समर्थन आजही जाणकार करतात, आणि त्यांची एक बाजू मान्य करावी लागते. आकाशवाणीने सारंगीवादकांना पगारी नोकऱ्या दिल्या नसत्या, तर त्या वाद्याची परंपरा आज दिसते त्याहून कितीतरी क्षीण दिसली असती. तंबोरा पुन्हा पुढे आला, व्हायोलिनची साथ रुजली. मैफलीचे कान तयार करणं हे सरकारी माध्यमाचं काम मानलं, तर ते काही प्रमाणात झालं.

पण किंमत कुणी मोजली ते पाहा. मुंबई-दिल्लीच्या बड्या गवयाला फारसा फरक पडला नाही. त्याला सारंगिये मिळत होते, आणि मैफलीत तो पेटी घेतही होता. फरक पडला तो मिरज, बार्शी, पाचोरा, चिपळूण अशा ठिकाणच्या माणसाला. त्याच्या गावात सारंगी वाजवणारा शोधून सापडत नव्हता. त्याचं सगळं शिक्षण पेटीवर झालेलं. तो मोठ्या केंद्रावर गायला गेला, की साथीला केंद्राचा नोकरदार सारंगीवादक. ओळख नाही, तालीम नाही. दहा मिनिटं सूर जुळवले की लाल दिवा लागायचा. भावगीतांना चाली लावणाऱ्याची आणखी गंमत. चाल घरी पेटीवर बांधायची, गायकाला पेटीवर शिकवायची, आणि स्टुडिओत ती बासरी-व्हायोलिनवर वाजवून घ्यायची. वाद्यवृंदात क्लॅरिनेट चालत होतं, जे काही वैदिक काळापासूनचं नव्हे. विविध भारतीवर वाजणाऱ्या चित्रपटगीतांत पेटी खुशाल ऐकू येत होती. मनाई होती ती हाडामांसाच्या वादकाने पेटी घेऊन स्टुडिओत बसायला.

म्हणून त्या पिढीतले कितीतरी पेटीवादक आकाशवाणीत शिरले ते वादक म्हणून नव्हेच. कुणी तबल्याची चाचणी दिली, कुणी सुगम गायनाची. आणि ज्यांचा आवाज बरा होता, वाणी स्वच्छ होती, नाटकात उभं राहायची सवय होती, ते निवेदक झाले. मराठी रेडिओवरच्या जुन्या निवेदकांना ताल-सुराचं एवढं ज्ञान कसं, याचं लोक कौतुक करतात. त्यातल्या काहींच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. त्यांचं वाद्य आत नेता येत नव्हतं, म्हणून ते आवाज घेऊन आत गेले.

१९७० मध्ये दिल्लीत या विषयावर चर्चासत्र भरलं. वादक, शास्त्रकार, वाद्य बनवणारे, सगळ्यांनी आपापली बाजू मांडली. १९७१ मध्ये बंदी सैल झाली. सैल झाली असंच म्हणावं लागेल, कारण सुरुवातीची परवानगी वरच्या श्रेणीच्या कलाकारांच्या साथीपुरती होती. एकल वादनाचं दार पुढेही कित्येक वर्षं लागलेलंच राहिलं. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या माणसाला बंदीचा सर्वांत जास्त फटका बसला होता, त्याच्यापर्यंत सवलत सर्वांत शेवटी पोचली. साठच्या दशकात पंचविशीत असलेला पेटीवादक स्वतःच्या वाद्यासह माइकसमोर बसला, तोवर त्याच्या केसांत पांढरं आलं होतं. याला केवळ सांगीतिक निर्णय म्हणणं मला कठीण जातं.

श्रेणी

संगीताची चाचणी १९५२ च्या सुमारास नव्याने बांधली गेली. घराण्याच्या बुवा-खाँसाहेबांना पंडितांच्या समितीपुढे बसून रागाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागणं अपमानास्पद वाटलं आणि मुंबईत त्यावरून बराच गदारोळ झाला. नंतर जी पद्धत स्थिरावली तिच्यात गाणाऱ्याचं नाव परीक्षकांना कळत नाही: आधी केंद्रावरची समिती ऐकणार, मग ध्वनिमुद्रण दिल्लीला जाणार, तिथे नुसता क्रमांक. बी, बी-हाय, ए आणि टॉप या त्या चढत्या श्रेणी. वशिल्याला आळा घालणारी ही व्यवस्था होती आणि लहान गावाच्या दृष्टीने ती बरीच न्याय्य ठरली, हे पेटीच्या बाबतीत एवढं बोलल्यावर मुद्दाम सांगायला हवं.

बी श्रेणी मिळालेल्या कलाकाराला साधारण दोन-तीन महिन्यांतून एखादा कार्यक्रम मिळे. त्यातून घर चालत नसे. श्रेणीची खरी किंमत केंद्राच्या इमारतीबाहेर होती. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ एवढं दारावरच्या पाटीवर आणि कार्यक्रमपत्रिकेवर लिहिता आलं, की शिकवण्या वाढत, गणपतीतल्या सुपाऱ्या वाढत, संगीत विद्यालय काढता येई. निकालाचं पाकीट पोस्टाने यायचं, आणि पोस्टमनलाही बहुधा ते काय आहे ते ठाऊक असायचं. नापास झाल्यावर पुन्हा अर्ज करायला मुदत असे, आणि तोवर गावात तोंड चुकवत फिरावं लागे.

ड्यूटी

सत्तरचं दशक ते नव्वदीची सुरुवात, हा जिल्हा केंद्रांचा भरभराटीचा काळ. दिवसाच्या तीन सभा, म्हणजे प्रसारणाचे तीन टप्पे. पहिली सभा पहाटे, म्हणून निवेदक अंधारात सायकल काढायचा. सही करायची, क्यू शीट (दिवसाच्या कार्यक्रमांचा वेळेनुसार तक्ता) ताब्यात घ्यायची, रेकॉर्ड लायब्ररीतून तबकड्या आणि टेपचे स्पूल काढायचे, क्रमाने लावायचे, आणि संकेतधून संपता संपता फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर करून दिवसाचं पहिलं वाक्य बोलायचं. मंगल प्रभात, बातम्या, बाजारभाव, हवामान. दिल्ली किंवा मुंबईचं सहक्षेपण, म्हणजे तिथला कार्यक्रम इथून तसाच पुढे देणं, वेळेवर जोडलं नाही तर लॉगबुकात नोंद, आणि नोंद झाली की खुलासा. चार-पाच सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. आत बसलेल्या माणसाच्या कपाळाला घाम येतो.

संगीत येणाऱ्या निवेदकाचा इथे खरा उपयोग. नाट्यपद ठरल्यापेक्षा लवकर संपलं, सहक्षेपणाला अडीच मिनिटं आहेत. मधे काय वाजवायचं? ज्याला कळतं तो त्याच रागातली सतारीची धून काढून ठेवतो, वेळ झाल्यावर समेवर आवाज उतरवतो. ज्याला कळत नाही तो सनई लावतो आणि तान मधेच कापतो. जुने श्रोते हा फरक अचूक ओळखत. ‘आपली आवड’सारख्या फर्माईशीच्या कार्यक्रमात नावांच्या लांबलचक याद्या वाचणं हे एक स्वतंत्र कौशल्य होतं: एकाच वाडीतली पंधरा नावं, त्यांत तीन बाळू, दोन मंगल, आणि एकही वगळून चालायचं नाही.

आणीबाणीत एका अतिशय लोकप्रिय पार्श्वगायकाची गाणी आकाशवाणीवरून बाद करण्यात आली होती. कारण सर्वांना माहीत होतं, पण हवेत सांगता येत नव्हतं. फर्माईशीची पत्रं मात्र येतच राहिली. निवेदकाच्या हातात एवढंच, की ते पत्र बाजूला ठेवायचं किंवा त्याच चित्रपटातलं दुसऱ्या गायकाचं गाणं लावायचं. सरकारी माध्यमात काम करणं म्हणजे काय, हे लहान केंद्रावरच्या माणसाला समजलं ते अशा किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगांतून.

भाषेचीही एक अदृश्य रेघ होती. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली पात्रं कोल्हापुरी, खानदेशी, वऱ्हाडी बोलू शकत. तिथे ती अपेक्षितच होती. निवेदकाला ती मुभा नव्हती. घरी अहिराणी बोलणारा माणूस उद्घोषणा शुद्ध पुस्तकी मराठीत करायचा, आणि गावात त्याचं कौतुक व्हायचं तेही त्याबद्दलच. पुष्कळ जणांचा घरातला आवाज आणि रेडिओवरचा आवाज शेवटपर्यंत वेगळे राहिले.

नैमित्तिक

वाचकांना सहसा वाटतं, की रेडिओवर रोज ऐकू येणारा माणूस आकाशवाणीचा नोकर असणार. काही होते. पूर्वी कलाकार आणि निवेदक ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून करारावर घेतले जात. १९८२ मध्ये त्यांना सरकारी कर्मचारी होण्याचा मार्ग खुला झाला, आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पण त्यानंतर कायम पदांवरची भरती आटत गेली. पदं रिकामी, प्रक्षेपण तर रोजचं. ही फट ज्यांनी भरली ते नैमित्तिक उद्घोषक, केंद्राच्या बोलीत कॅज्युअल.

कॅज्युअलची रीत अशी. आवाजाची चाचणी, लेखी परीक्षा, मग यादीत नाव. पुढे ‘वाणी’ प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही आला. प्रत्येक ड्यूटीचा स्वतंत्र करार आणि महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. ही सहाची मर्यादा कशासाठी, ते कागदावर कुठेही शोधायला नको. नियमित नोकरीवर हक्क सांगता येईल इतकं सलग काम कुणाच्या नावावर जमा होऊ नये, हे उघड गुपित आहे. वीस-वीस वर्षं ज्यांच्या आवाजाने गाव जागं झालं, त्यांच्या नावावर महिन्याचे सहाच दिवस. उरलेल्या दिवसांत शाळेत शिकवणं, विमा, छापखाना, शिकवण्या, ऑर्केस्ट्राचं निवेदन. अनेकांनी प्रशासकीय न्यायाधिकरणात, उच्च न्यायालयांत दाद मागितली. कुठे दिलासा मिळाला, कुठे नाही. मध्यंतरी, वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांनीही पुन्हा चाचणीला बसावं, असा आग्रह धरला गेला, तेव्हा पन्नाशीतल्या माणसांनी आपल्या मुलांच्या वयाच्या उमेदवारांबरोबर रांगेत उभं राहून माइक टेस्ट दिली.

कॅज्युअल निवेदक जर श्रेणीप्राप्त वादकही असेल, तर त्याच्याकडे दोन प्रकारचे करार येत. एक निवेदनाचा, एक कार्यक्रमाचा. स्वतःच्याच वादनाची उद्घोषणा स्वतः करण्याची वेळ सहसा येत नसे, पण पुढच्या आठवड्यात वाजणारं आपलंच ध्वनिमुद्रण आपल्याच ड्यूटीत आलं, तर नाव त्रयस्थासारखं घ्यावं लागे. त्याबद्दल अनेक जण हसत सांगत.

स्थानिक केंद्रं आणि नंतर

देशातलं पहिलं स्थानिक केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूतल्या नागरकोइलला निघालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातही एका जिल्ह्यापुरती एफएम केंद्रं उभी राहिली: तेव्हाचं अहमदनगर, बीड, सातारा, नांदेड, धुळे, यवतमाळ, चंद्रपूर. कल्पना उत्तम होती. मोठ्या केंद्राचा कार्यक्रम जोडून घेण्याऐवजी जिल्ह्याने जिल्ह्याशी बोलायचं. कर्मचारी थोडे, त्यामुळे निवेदकाने मुलाखत घ्यायची, ध्वनिमुद्रणाचं यंत्र खांद्याला अडकवून यात्रेत जायचं, संपादन करायचं, आणि नाटकात पात्र कमी पडलं तर तेही करायचं. पेटीवाल्याला इथे मोकळं रान मिळालं. भजनी मंडळं, भारुडं, जात्यावरच्या ओव्या यांची जी ध्वनिमुद्रणं या काळात झाली, त्यांत सूर धरायला बसलेला माणूस कितीदा तरी केंद्रावरचाच असे. फोन-इन आल्यावर पत्रांची पोती कमी झाली. तोवर रेडिओचा परवाना आणि पोस्टात जाऊन त्यावर चिकटवायची तिकिटंही इतिहासजमा झाली होती.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. १९९७ मध्ये आकाशवाणी स्वायत्त महामंडळाकडे गेली. स्वायत्तता किती, हा वेगळा विषय. २००१ पासून खासगी एफएम आलं, आणि पुढच्या लिलावांत ते कोल्हापूर, सोलापूर, नांदेडसारख्या शहरांत पोचलं. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, म्हणून सगळा भर चित्रपटगीतं आणि गप्पांवर. तिथला आरजे झपाट्याने बोलतो, गावाची बोली बेधडक वापरतो, ही एक जमेची बाजू. गाणी मात्र संगणक ठरवतो. रागाला राग जोडून धून निवडणारा माणूस त्या खोलीत लागत नाही. २००६ नंतर सामुदायिक रेडिओला बिगरसरकारी संस्थांसाठी वाट मिळाली. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या केंद्रासारखी काही केंद्रं नावारूपाला आली. जुन्या जिल्हा केंद्राशी नातं सांगावं असं काही आज असेल, तर ते तिथे आहे.

आकाशवाणीच्या बाजूने अलीकडच्या घडामोडी दोन दिशांना ओढणाऱ्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एका दिवशी सुरू करण्यात आले. ते लहान गावांपर्यंत पोचतात खरे, पण सहक्षेपणासाठी आहेत. त्यांना स्टुडिओ नाही, म्हणजे निवेदक नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, पुण्यातून जोरदार विरोध झाला आणि तो स्थगित करावा लागला. पुण्याकडे आवाज उठवणारे होते. जिल्हा केंद्रांवर स्थानिक कार्यक्रमांचे तास कमी होतात तेव्हा एवढी ओरड होत नाही.

निवेदक-वादक गेल्यावर घरचे लोक पहिली चौकशी करतात ती ध्वनिमुद्रणाची. बऱ्याचदा ते मिळत नाही. टेप महाग होती, साठा तुटपुंजा, म्हणून प्रसारण झालं की स्पूल पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. जपून ठेवलं जायचं ते नामवंतांचं. दिल्ली आणि मोठ्या केंद्रांच्या संग्रहातला बराच भाग आता डिजिटल झाला आहे. जिल्हा केंद्रांच्या कपाटांतलं काय राहिलं, ते त्या त्या केंद्रावरच्या माणसाच्या आस्थेवर ठरतं. निवेदनाचं तर मुद्रणच होत नसे, ते थेट हवेत जायचं. उरतात ते पिवळे पडलेले करार, श्रेणीचं पत्र, श्रोत्यांनी पाठवलेली काही पोस्टकार्डं, आणि कुणा नातेवाइकाने रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतलेली एखादी कॅसेट. अशा कॅसेटींना बुरशी लवकर लागते. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या आधी स्वच्छ करून घ्याव्यात, मगच वाजवाव्यात.